येणाऱ्या फोनला पैसे पडत नाहीत

लातूर नुकताच वेगळा जिल्हा झाला होता आणि पावसानं पाठ फिरवली होती. अहमदपुरात आमचं पाण्याच्या मोटारींचं दुकान होतं. मालासाठी सारखे ट्रंक कॉल लावावे लागत, आणि बिल आलं की वडील दिवसभर बडबडत. शेवटी त्यांनी फोनच्या डायलला कुलूप ठोकलं आणि येईल त्याला सांगू लागले, "इथून लावायचा न्हाई. तिकडून येऊ द्या, त्याला पैसे पडत न्हाईत."

गावानं हे फारच मनावर घेतलं. टँकरसाठी जिल्ह्याच्या कचेरीत गेलेला जो तो आमचाच नंबर देऊन यायचा. कुणाची सोयरीक, कुणाचं बाळंतपण, सगळ्या बातम्या आमच्या गल्ल्यापाशी. माणसं बोलवायला उन्हातान्हात पळायचो मी, आणि बिल उतरलं म्हणून खूश वडील! माझं डोकं नुसतं तापायचं.

एका दुपारी एक जुनं गिऱ्हाईक येऊन खुर्चीत बसलं. त्यानं नवीन बोअर मारल्याचं कानावर होतं, म्हणून मी घाईनं चहा मागवला.

"मोटार घेतली की लातूरहून," तो म्हणाला. "तिथून भाव विचारायला तुम्हाला फोन लावत होतो, तर सारखा एंगेज, लागतच न्हाई."

"मग आज इकडं कसं येणं केलं?"

"मोटार एस.टी.वर टाकली की तिथला दुकानदार कळवणार हाय," तो फोन जवळ ओढत म्हणाला. "नंबर तुमचाच दिलाय."