मिशीची परवानगी

आमच्या श्रीवर्धनच्या नाटकमंडळींत मी कोण होतो, हे एका शब्दात सांगता येत नाही. मी नट नव्हतो. एकदाच मला द्वारपाल करून उभं केलं, तर महाराजांच्या प्रवेशालाच मला शिंक आली आणि तिथेच माझं नटपण संपलं. पण नाटक उभं राहायचं ते माझ्यामुळे. पोटासाठी माझं शिवणाचं दुकान होतं. बाकी मांडवाला बांबू मिळवणं, पेटीवाल्याची मनधरणी, रुसलेल्या राजाला घरून ओढून आणणं, सगळं माझ्या गळ्यात. शिव्याही मीच खायचो आणि सव्याज परत करायचो.

एकोणीसशे तीस सालाच्या आगेमागे आमची ठरलेली नायिका ऐन तालमीत आगबोटीत बसून मुंबईला नोकरीला गेली. त्या काळी बायकांची कामं पुरुषच करत. दुसरी नायिका शोधता शोधता माझी नजर सुपारीच्या वखारीतल्या एका पोरावर पडली. शेलाटा बांधा, गोड गळा, आणि नाकाखाली ही भली झुपकेदार मिशी. मी म्हटलं, मिशीचं काय, वस्तऱ्याचं काम.

तो म्हणाला, "वडील हायत अजून."

झालं. बाप गेला की मुलगा मिशी उतरवतो, ही आमच्याकडची रीत. बाप हयात असताना मिशी काढायची म्हणजे जित्या माणसाचं सुतक पाळायचं. पोरगा नाटकासाठी जीव टाकत होता, पण बापापुढे हा विषय काढायची त्याची छाती नव्हती. म्हणजे तेही माझ्याच गळ्यात.

म्हातारा उभा जन्म मचव्याच्या सुकाणूवर घालवलेला. आता ओटीवर बसून जाळी विणायचा. मी जाऊन बसलो आणि नाटक हे किती पुण्याचं काम आहे, यावर लांबलचक भाषण ठोकलं. त्यानं मान वर केली नाही.

"मी मेल्यावर उतरव म्हनावं. तवर न्हाय."

"आजोबा, एका नाटकापुरती..."

"त्याचा तसला ओठ बघितला की माझी तिरडीच दिसंल मला. जा तू."

मी गेलो, पण दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर. तिसऱ्या दिवशी गळ्यात टेप अडकवून गेलो आणि काही न बोलता त्याच्या अंगाचं माप घ्यायला लागलो. "ह्ये काय?" "बंडी शिवतोय तुमच्यासाठी. नायिकेचा बाप पुढच्या खुर्चीवर फाटक्या बंडीत बसला, तर माझी अब्रू जाईल." म्हाताऱ्यानं हातातलं जाळं बाजूला ठेवलं. मग हसला. त्याला दात कमी होते, पण हसू ऐसपैस होतं.

"पुढंच बसव मग. ज्याला शंका हाय त्यानं मला बघून घ्यावं."

तरी न्हावी अडून बसला. बाप समोर असल्याशिवाय वस्तरा लावणार नाही म्हणाला. म्हातारा आला, पाठ करून उभा राहिला आणि मिशी उतरेपर्यंत मुद्दाम मोठमोठ्यानं खोकत राहिला.

गॅसबत्तीचा भरवसा नसल्यामुळे आमचं नाटक उन्हं कलताच सुरू व्हायचं. बोर्लीपासून माणसं आली होती. पडदा वर जायच्या आधी नवी बंडी घातलेला म्हातारा काठी टेकत पुढे आला आणि ओरडला, "हा बघा, मी हाय! पोराची मिशी नाटकापायी गेली!" अशा टाळ्या आमच्या राजालाही कधी मिळाल्या नव्हत्या.

आता खरी गंमत अशी की, नाटकात काय आहे हे म्हाताऱ्यानं विचारलंच नव्हतं. तिसऱ्या अंकात नायिकेला बाप वारल्याची बातमी येते आणि ती आक्रोश करते. पोराचा आवाज गोड, पण रडणं अगदी लाकडी. तालमीत मी त्याच्यावर किती ओरडलो असेन! त्या दिवशी तो "बाबा, मला टाकून गेलात" म्हणायला पुढे आला, समोर बाप दिसला, आणि त्याला वाक्य पुरं करता येईना.

म्हातारा धडपडत उठला. "रडू नको रं! हाय मी! हाय हितंच!"

सगळा मांडव हसायला लागला. पोरगा मात्र नऊवारीसकट रंगमंचाच्या कडेला खाली बसला आणि हमसून हमसून रडू लागला. तोंडावरचा रंग ओघळून चोळीवर आला. मांडवातलं हसू हळूहळू थांबलं.

आत सगळे मला खुणा करत होते, पडदा पाड, पडदा पाड. दोरी माझ्याच हातात होती. समोर रंगमंचाच्या कडेशी आलेल्या म्हाताऱ्यानं हात उंच करून पोराच्या बोडक्या ओठावरून अंगठा फिरवला आणि म्हणाला, "उगवंल रं. मी बघंन की ती उगवताना."

मला दोरी ओढवेना. मी विंगेत उभा राहून रडत होतो.