उपवासाला साबुदाणा चालतो

कार्डिफच्या शाळेतून माझी बारा वर्षांची लेक एक फॉर्म घेऊन आली. आफ्रिकेतल्या दुष्काळासाठी स्पॉन्सर्ड फास्ट, म्हणजे एक दिवस उपाशी राहायचं आणि ओळखीच्यांनी त्याबद्दल मदत द्यायची. ऐंशीच्या दशकाचा मध्य होता. संध्याकाळच्या बातम्यांत ती हाडं दिसणारी मुलं बघून आमच्या घरात घास उतरत नव्हता. म्हटलं, उपवास ना? त्यात आपल्याला कोण शिकवणार? मी लगेच साबुदाणा भिजत घातला.

दुसऱ्या दिवशी डिनर हॉलमध्ये सगळी मुलं पाण्याचा ग्लास पुढ्यात घेऊन बसली होती, आणि माझ्या लेकीने डबा उघडला. खिचडी, त्यात सढळ हाताने दाण्याचं कूट, बाजूला बटाट्याचा कीस, शिवाय केळं. टीचरबाईंनी डबा बंद करायला लावला, फॉर्म काढून घेतला आणि सगळ्यांदेखत तिला 'चीट' म्हटलं. शुक्रवारच्या असेंब्लीत उपवास केलेल्या मुलांना स्टेजवर बोलावणार होते. त्यातून तिचं नाव गेलं.

घरी येऊन तिने दप्तर आपटलं. "आई, तुझी उपवास खोटी आहे. सगळे मला लायर म्हणतात."

"तुझा उपवास," मी म्हटलं. "उपवास तो असतो." तिच्या मराठीतली एकही चूक मी सोडत नसे. त्या घरात माझी तेवढीच सत्ता उरली होती. ती रडत जिना चढून गेली आणि मला माझीच लाज वाटली. हे हॉस्पिटलमधून आले, सगळं ऐकलं आणि म्हणाले, "एकादशी अन् दुप्पट खाशी, हे आता इंग्लिशमध्ये कसं समजावशील?" ह्यांना हसू आवरत नव्हतं. मी ह्यांच्यापुढचा चहाचा कप उचलून आत नेला.

तेवढ्यात समोर राहणारी नर्स चहाला आली. ती मूळची घानाची, ह्यांच्याच वॉर्डात कामाला. उरलेला भिजवलेला साबुदाणा ओट्यावर होता. तिने दोन दाणे चिमटीत दाबून पाहिले, पाकिटावरचं 'टॅपिओका' वाचलं आणि हसायलाच लागली. "अगं, हे तर आमचं. कसाव्याचं मूळ. दुष्काळात माझी आई ह्याच्यावर जगली."

जन्मभर साबुदाणा खाऊन तो जमिनीखालच्या कंदाचा होतो हे मला ठाऊक नव्हतं. काखेत कळसा नि गावाला वळसा, दुसरं काय. लेक हळूच येऊन जिन्यात बसली होती.

नर्स सांगत होती. त्यांच्याकडे पाऊस पडला नाही, मका उभा वाळला आणि वणव्यात गेला. कसावा मात्र जमिनीत शाबूत राहिला. आज नको असेल तर सहा महिन्यांनी काढा, तो थांबतो. पण शिकलेसवरलेले लोक त्याला गरिबाचं खाणं म्हणत आणि सगळ्यांना मकाच लावायला सांगत. "आणि सगळं खापर पावसावर फोडू नकोस," ती म्हणाली. दोन दिवसांच्या वाटेवर धान्य पडून होतं, पण रस्ता उखडलेला आणि लॉरीला डिझेल नाही. सुगीत धान्य ठेवायला कोरडी जागा नाही, म्हणून लोक ते स्वस्तात विकत आणि पुढे तेच महाग विकत घेत. तिचा भाऊ आता गावात कसाव्याच्या काड्या वाटत होता. एक काडी लावली की झाड होतं, आणि त्याच्या काड्या शेजारच्या घराला.

लेकीने नाक पुसलं. "मला सॉरी म्हणायचंय," ती म्हणाली, "आणि हे पण सांगायचंय."

दुसऱ्या दिवशी तिने कडकडीत उपवास केला, फक्त पाण्यावर. मीही केला, आयुष्यात पहिल्यांदा. दुपारी चारला माझं डोकं असं ठणकायला लागलं की मी बिचाऱ्या दूधवाल्यावर खेकसले. टीचरबाईंचं अगदीच चुकलं नव्हतं, हे तेव्हा पोटाला कळलं. पण माझ्या पोरीला लबाड म्हटल्याचा राग काही गेला नाही. तशीच हेडटीचरकडे गेले आणि असेंब्लीतली पाच मिनिटं मागून घेतली.

शुक्रवारी लेक मार्केटमधून आणलेलं कसाव्याचं मूळ घेऊन उभी राहिली. मी मागच्या खुर्चीत हात घट्ट धरून बसले होते. "मी खाल्लं, ते चुकलं," ती म्हणाली. "मी परत उपवास केला. पण मी काय खाल्लं ते बघा. शाळेच्या पुडिंगमधल्या ज्या दाण्यांना तुम्ही बेडकाची अंडी म्हणता, ते ह्याचेच असतात." हॉल हसला. मग तिने मका, रस्ता, लॉरी, कोठार सगळं सांगितलं. "आज त्यांना आपली मदत हवी. पण उद्यासाठी रस्ते हवेत, कोठारं हवीत आणि हे हवं."

टीचरबाई उठल्या. सगळ्यांदेखत 'आय वॉज राँग' म्हणाल्या आणि फॉर्म तिच्या हातात दिला. मी रडले, आणि त्याची मला अजिबात लाज वाटली नाही. जमलेल्या मदतीतला अर्धा वाटा नर्सच्या भावाच्या गावी पाठवायचं तिथेच ठरलं.

वर्षभराने त्या गावाहून फोटो आला. माणसापेक्षा उंच कसावा, बाजूला नवं कोठार, आणि मागे लिहिलेलं की शेजारच्या गावानेही काड्या नेल्या. शाळेने तो दारासमोरच लावला.

त्या दिवशी घरी येऊन लेक म्हणाली, "आई, तुझी उपवास खरी होती."

दुरुस्ती अगदी ओठांवर आली होती. ती मी गिळली आणि साबुदाणा भिजत घातला.