फटफटीच्या तोंडातला बोळा

"फटफटीवाला लंगडा गेला." आमच्या धनज गावाहून निरोप घेऊन आलेल्या माणसानं नावसुद्धा घेतलं नाही. मी कारंज्याच्या एका कापसाच्या जिनात फिटर आहे, अधूनमधून पेपरातही लिहितो. भाद्रपदात जिन बंद असतं, म्हणून यंत्रं खोलून तेलपाणी करत बसलो होतो. मी पाना खाली ठेवला आणि म्हटलं, "त्याले नाव होतं. दिगंबर. मायबापानं ठेवलेलं." माणूस ओशाळला. "तसं नाही हो... तापानं गेला बिचारा. सारे तसंच म्हणतात, म्हणून तोंडात आलं." सारे तसंच म्हणतात! जिवंत असताना म्हणत होते आणि तिरडी उचलली तेव्हाही म्हणत होते. तेरवीच्या पंगतीत बुंदीवर ताव मारता मारता एक जण म्हणाला, "गाडी पळवता येत होती त्याले, थांबवता नव्हती येत." बाकीचे हसले. मी पानावरून उठलो. तेरवीच्या पानावरून उठू नये म्हणतात. म्हणोत बापडे.

दिगू माझा लहानपणापासूनचा मित्र. घरची शेती चांगली, वडील आबा कडक, आणि हा एकुलता एक. सडकांवर देखरेख करणारा एक गोरा साहेब बदलून गेला, तेव्हा त्याची जुनी इंग्रजी फटफटी दिगूनं घरचा एक उमदा गोऱ्हा देऊन घेतली. आबांनी त्या दिवशी घर डोक्यावर घेतलं. "गोऱ्हा देऊन लोखंड आणलं! कडबा तं खाणार नाही ना हे?" दिगू म्हणाला, "नाही आबा, एरंडेल पिते." आणि खरंच पाजायचा. साहेबाच्या डब्यातलं इंजिनाचं तेल संपल्यावर यानं गावच्या घाण्यावर काढलेलं एरंडेल घातलं, वस्त्रगाळ करून. उन्हाळ्यात इंजीन लाल व्हायची पाळी आली तरी एरंडेल पातळ होत नाही, हे त्याला बैलबंडीच्या आसावरून सुचलं होतं. फटफटी गेली की मागं तो जळका, गोडसर वास राहायचा. बाया नाकाला पदर लावून म्हणायच्या, गेला वाटते एरंड्या.

पण मूळची चाल त्याला पुरेना. मग दोघांनी मिळून ती गाडी सोलली. मडगार्ड काढलं, मागचा कॅरिअर काढला, दिवाही काढला. इंजिनाचं डोकं उतरवून काचेच्या तुकड्यावर पालिशीची भुकटी टाकून ते घासत बसायचो, आतली जागा कमी व्हावी आणि स्फोटाचा दाब वाढावा म्हणून. किती दुपारी गेल्या त्यात! जास्त घासलं तर डोकं गेलं, कमी घासलं तर मेहनत गेली. धूर सोडणारी नळी आखूड केली. शेवटी कार्ब्युरेटर, म्हणजे जिथून इंजीन श्वास घेतं ते. त्याच्या तोंडावरची बारीक जाळी दिगूनं उपटून फेकली. "नाकावर फडकं बांधून कोणी पळते काय बे?" तोंड उघडं झालं आणि त्या दिवसापासून फटफटीचा आवाजच फिरला. पाटलाच्या वाड्यातली कबुतरं उडायची.

गाव म्हणतं तसा तो बेफाम नव्हता हो! त्याच्याइतका सावध चालवणारा मी पाहिला नाही. काळ्या मातीत बंड्यांच्या चाकोऱ्या पडतात, त्यातलं चाक बाहेर कसं काढायचं हे तो सुकल्या नाल्यात तासन् तास घोकायचा. वळणाआधी गोटा ठेवायचा आणि गोट्यापाशी पोचायच्या आत वेग उतरवायचा. चुकला की परत मागं. मला शिकवताना ओरडायचा, "गोट्याकडं पाहू नको, गोट्यावरच जाशीन! जिकडं जाचं तिकडं पाह्य." आणि एक वाक्य तर माझ्या कानात बसलं आहे. "जोर देणं कोणालेई येते बबन्या. जोर काढून घेणं शिकाव लागते." याच माणसाबद्दल तेरवीत ते बोलणं ऐकावं लागलं...

कारंज्यात फटफट्या-मोटारींचं दुरुस्तीचं दुकान काढायचं त्याच्या मनात होतं. मी फिटर, तो मालक. आबांना विचारायची हिंमत त्यानं पुष्कळ दिवसांनी केली. तेव्हा पंचक्रोशीत भय्यासाहेब नावाच्या एका शेतवाल्यानं नवी मोटार आणली होती आणि त्यांच्या मोटारीपुढं काही टिकत नाही, अशी त्यांची ऐट होती. आबा म्हणाले, "दसऱ्याले त्याच्या मोटारीच्या पुढं जाऊन दाखव. गेलास तं दुकान. नाही तं नांगर धर, आणि पुन्हा त्या लोखंडाचं नाव काढू नको." दिगूनं पैज घेतली. त्याचं अख्खं आयुष्य त्या एका सडकेवर लागलं होतं, हे मला आणि त्याला ठाऊक होतं. आणि त्याच्या मायलाही ते ठाऊक होतं.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी खंडेनवमी. घरात जे जे हत्यार, जे जे अवजार, त्याची पूजा. विळे, कुऱ्हाडी, वखराची पास, सारं धुऊन पाटावर मांडलेलं आणि शेजारी फटफटी. मायनं तिला हळदकुंकू लावलं, झेंडूची माळ घातली, ओवाळलं आणि ओंजळभर अक्षता टाकल्या. पुटपुटलीसुद्धा, "माह्या लेकराले सांभाळजो वं बाई." दिगू एकदा इंजीन चालवून पाहणार होता. मायनं हात धरला. "पूजेची वस्तू हाये. आज हात लावाचा नाही." आमच्याकडे तशीच रीत आहे, पुजलेलं अवजार दसऱ्यापर्यंत हलवत नाहीत. दिगू हसला आणि बाजूला झाला. मायचा शब्द तो कधी मोडत नसे.

दसऱ्याला सडकेच्या दोन्ही अंगाला माणसं उभी. दिगूनं किक मारली, ती सरळ पैजेतच. पहिला सरळ टप्पा संपायच्या आत मोटार मागं पडली. मी वळणाजवळच्या बाभळीखाली उभा होतो. तो येताना दिसला, अंगाशी हात घेऊन वाकलेला, नजर वळणापलीकडं... आणि वळणावरून आपट्याची पानं घेतलेली माणसं, लेकरं येत होती. त्यानं जोर सोडला, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. मनगट मागं फिरलं. पण इंजिनाचा आवाज उतरला नाही! दुसरा कुणी असता तर माणसांत घुसला असता. यानं गाडी सरळ नाल्यात घातली. गाडीखाली पाय सापडला. भय्यासाहेबांची मोटार हॉर्न वाजवत निघून गेली आणि लोकांनी तिच्या नावानं टाळ्या पिटल्या. आबा नाल्याच्या काठावर उभे राहून एवढंच म्हणाले, "जे थांबवता येत नाही, ते चालवावं कायले?" ते वाक्य गावानं उचललं ते आजतागायत खाली ठेवलं नाही.

पाय वाकडाच जुळला. बसता येऊ लागल्यावर दिगूनं मला बोलावलं. अंगणात मी कार्ब्युरेटर खोलला. जोर कमीजास्त करणारा जो पडदा आत खालीवर होतो, त्याच्या खाचेत तांदळाचा एक दाणा रुतला होता. कुंकवानं लाल झालेला. पडदा वर गेला तो खाली येऊ शकला नाही. दिगूनं दाणा तळहातावर घेतला. एवढ्यात माय चहा घेऊन ओट्यावर आली. "काय सापडलं रे?" दिगूनं तो दाणा तोंडात टाकला, पेट्रोलच्या वासासकट, आणि गिळला. "काही नाही वं माय. माहीच चूक होती." मग माझ्याकडं पाहून हळूच म्हणाला, "आबाले सांगशीन तं माही शपथ हाये तुले."

झालं! शपथ पाळली. आबा लेकाला नालायक समजत मेले. दुकान निघालं नाही. दिगू लंगडत वखर हाणत राहिला आणि फटफटी गोठ्याच्या कोपऱ्यात उभी राहिली. दर अमावास्येला स्टँडवर लावून तो ती चालू करायचा, आवाज वाढवायचा, आणि अलगद उतरवायचा. चढवण्यापेक्षा उतरवायला जास्त वेळ घ्यायचा. दर खंडेनवमीला मायची थाळी येण्याआधी मात्र तो फटफटीच्या तोंडात फडक्याचा बोळा कोंबायचा. मायनं विचारलं तर म्हणायचा, धूळ जाते. मला त्याचा भयंकर राग यायचा. अरे, इतकं मोठं मन कुणी मागितलं होतं? तू गिळलास एक दाणा, आणि तुझ्यासोबत माझंही दुकान गेलं की!

यंदा खंडेनवमीला मी धनजला गेलो. मायचं घर रिकामं, हात मात्र चालू. विळे पाटावर मांडले, फटफटी तिनंच फडक्यानं पुसली. मी बोळ्याचं विसरलो होतो. तिनं कमरेला खोचलेलं जुन्या लुगड्याचं फडकं काढलं, फाडलं, गोळा केला आणि फटफटीच्या तोंडात कोंबला.

"अक्षता जातात ना आत," ती म्हणाली.

"माय... तुले माहीत होतं?"

"त्यानं तोंडात काय टाकलं ते म्या ओट्यावरून पाह्यलं होतं. लाल दाणा होता."

मला राहवलं नाही. मी ओरडलोच. "मंग आबाले काहून नाही सांगतलं? जन्मभर त्याले लंगडा म्हणे गाव! तुह्या एका शब्दानं त्याचं दुकान निघालं असतं!"

ती थाळीतले तांदूळ निवडत राहिली. "त्यानं माह्यासाठी गिळला, बबन. म्या बोलली असती तं त्याचं गिळणं वाया गेलं असतं." मग डोळे न पुसता म्हणाली, "तू लिव्हते ना पेपरात? लिव्ह. आता कोणापासून लपवाचं हाये?"

म्हणून लिहिलं. तिच्यावरचा राग अजून गेलेला नाही, दिगूवरचाही नाही, आणि गावावरचा तर मेल्यावरच जाईल. मायनं हळदकुंकू लावलं, माळ घातली, ओवाळलं. ती फटफटी आता चालवणारं त्या घरात कुणी नाही. तरी ओंजळ उचलण्याआधी तिनं तो बोळा अंगठ्यानं आणखी आत दाबला, हलवून पाहिला, आणि मगच अक्षता टाकल्या.