पामची उलंगवाडी

पाम पिकवणाऱ्या शेतकऱ्यांना मी लेखी विचारलं, की तुमच्याकडे शेवटचा वेचा कधी झाला ती तारीख कळवा. पामला वेचा नसतो. शेवटचा तर नसतोच नसतो. हे मला माहीत नव्हतं, आणि माझा पगार मात्र पामतेलाची कागदपत्रं तपासण्याचा होता.

आता यात माझा दोष किती आणि माझ्या जन्माचा किती, ते वाचणाऱ्यांनी ठरवावं. आम्ही पिढ्यान्‌पिढ्या पऱ्हाटीवाले, म्हणजे कापूस पिकवणारे. दिवाळीच्या आगेमागे कापसाचा पहिला वेचा, मग दुसरा, मग तिसरा, आणि मग एक दिवस वडील शेताच्या धुऱ्यावर उभे राहून म्हणायचे, "झाली उलंगवाडी." म्हणजे पीक संपलं, शेत मोकळं, ढोरं सोडा. हा शब्द आमच्या घरात शेतापुरता कधीच राहिला नाही. पंगतीतली बुंदी संपली, उलंगवाडी. टूथपेस्ट संपली, उलंगवाडी. जगात जे सुरू होतं त्याची एक उलंगवाडी असते, हे माझ्या डोक्यात अक्षरओळखीच्या आधी बसलेलं.

नोकरीतही तेच पक्कं झालं. बरीच वर्षं मी कापूस शेतकऱ्यांच्या नोंदी तपासत गावोगाव हिंडलो, पार धारणीपर्यंत, जीपच्या मागच्या फाळक्यावर बसून. मग आमच्या संस्थेने पामतेलाचं काम घेतलं आणि मला अकोल्याच्या ऑफिसात खुर्ची मिळाली. खाली स्पेअर पार्टचं दुकान, वर आम्ही. अमरावतीहून रोज बडनेरा गाठायचं, तिथून अकोल्याची गाडी. काम तसं सोपं वाटायचं. जंगल न तोडता बाग लावली का, मजुरांना नीट मजुरी दिली का, फवारणीचं औषध स्वयंपाकघरात तर ठेवलेलं नाही ना, किती माल तोडला आणि किती मिलला गेला, हे शेतकऱ्यांचे गट लिहून पाठवतात. ते एकमेकांशी जुळतं का, ते मी बघायचं. जुळलं तर गटाला प्रमाणपत्र, आणि प्रमाणपत्र असलं तर मिल मालाला थोडा जास्त भाव देते.

पामसाठी तपासणीचा तक्ता तयार करा, असं मॅडमनी सांगितलं. मॅडम म्हणजे आमच्या ऑफिसच्या प्रमुख, अकोल्याच्याच, मोजकं बोलणाऱ्या. मी कापसाचा जुना तक्ता उघडला आणि कॉम्प्युटरला सांगितलं, जिथे 'कापूस' असेल तिथे 'पाम' कर. कॉम्प्युटर इमानदार. एका क्षणात त्याने करून टाकलं. 'पाम बोंडअळी' असाही एक रकाना तयार झाला, तो मला दिसला आणि मी काढला. त्याच्या खालचा 'शेवटच्या वेच्याची तारीख' हा मला दिसला आणि मी ठेवला. तो मला फार महत्त्वाचा वाटला.

पहिल्या गटाने त्यात लिहिलं, ३१ मार्च. मी बरोबरची खूण केली. शिस्तीची माणसं वाटली.

दुसरा गट तेलंगणातला. लहान लहान बागांचे शेतकरी, आणि नोंदी ठेवणारी गटाची सचिव एक बाई. तिने त्या रकान्यात लिहिलं होतं, 'पच्चीस साल बाद'.

मला राग आला. सरकारी-निमसरकारी कागदावर थट्टा करणाऱ्या माणसांचा मला पहिल्यापासून राग आहे, कारण ती माझी स्वतःची सवय आहे. मी कळवलं, कृपया निश्चित तारीख द्यावी. उत्तर आलं, 'सर, वो भगवान को मालूम.'

मग मी त्यांच्या तोडणीच्या नोंदी काढून बसलो आणि माझ्यातला कास्तकार जागा झाला. दर दहा-बारा दिवसांनी तोडणी. थंडीत तोडणी, वैशाखात तोडणी, ऐन पावसातही तोडणी. आता मला सांगा, बाराही महिने तोडलं जाईल असं कोणतं पीक असतं? कोणीतरी घरी पंख्याखाली बसून रकाने भरलेत, हे उघड होतं. मी शेरा मारला: गंभीर त्रुटी, नोंदी बनावट वाटतात.

मॅडमनी शेरा वाचला. "नक्की ना?"

"मॅडम, मी कास्तकाराचा पोरगा आहे."

"ते दिसतंच आहे. सोमवारी समितीकडे पाठवते."

समितीकडे असा शेरा गेला की गट त्या खेपेतून बाद. पुन्हा सगळं पुढच्या तपासणीपासून. हे त्या सचिव बाईंना कळलं आणि शुक्रवारी दुपारी त्यांचा मला फोन आला.

"सर, घर घर जाके मनाई मैं. काय को लिखना, काय को लिखना, सब पूछते थे. इस बार नहीं हुआ तो सब निकल जाते. पहले मेरा मरद निकलता."

मी खुर्चीत सरळ झालो. हिंदीत बोलताना माझा आवाज आपोआप ठाणेदारासारखा होतो. "ताई, एंट्री सच्ची होती तो ये नौबत नहीं आती."

मग त्या म्हणाल्या, "सर, आप पाम देखे क्या कभी?"

"वो विषय नहीं है," असं मी म्हणालो. खरंतर तोच विषय होता, म्हणून तर मी फोन ठेवून दिला.

रविवारी आम्ही नवराबायको तिवशाकडे सासरी गेलो. माझे सासरे, त्यांना मी मामाजी म्हणतो, ते भाजीपाल्याचे बागाईतदार. वांगी, भेंडी आणि बांधाला मोगरा. आमच्या लग्नात आमच्याकडच्या मंडळींनी "भाजीवाल्याची पोरगी" म्हणून थोडं नाक मुरडलं होतं. मामाजी ते विसरले नाहीत. ते विसरू नयेत याची काळजी माझे काका दर दिवाळीला घेतात. त्यामुळे मी सासरी गेलो की मला चहाच्या आधी काम मिळतं.

"या जवाईबुवा, हात लावा. भेंडी तुमची वाट पाहून राह्यली."

मी टोपली घेतली. भेंडीची कुसं हाताला चावत होती, आणि ते विसरावं म्हणून मी माझा पराक्रम सांगायला घेतला. कसं मी एका फटक्यात बनवाबनवी पकडली, कसं मला पच्चीस साल बाद लिहितात, कसा मी बधलो नाही. मामाजींना गोष्टी आवडतात. ते तोडता तोडता थांबले.

"कोन्तं झाड म्हनता हे?"

"पाम. ताडासारखं उंच."

"शिंदीवानी?"

"साधारण तसंच."

"मंग दारू काढतेत त्याची. मी सांगतो ना तुमाले. तेल-बिल काई नसते."

"मामाजी, तेलच असतं. घड लागतात, त्या फळांचं तेल."

"घड काय? अन् घड सारे एका दिवशी पिकते?"

मी घाईने दोन भेंड्या तोडल्या.

"पिकत असतील," मी म्हणालो.

"पिकत असतीन म्हंजे? तुमी तपासनी करता का अंदाज करता?"

तेवढ्यात पलीकडच्या ओळीतून माझी बायको वाकल्या वाकल्याच म्हणाली, "अवो, मागच्या रविवारी आपन भेंडी घेऊन गेलो. त्याच्या मागच्या रविवारीबी नेली. त्यातली बनावट कोनती होती?"

मामाजी असे हसले की विहिरीवरची पाखरं उडाली. मग त्यांनी हात घालून एक जरठ, बोटाएवढी जाड भेंडी काढली आणि माझ्या नाकासमोर धरली. "हे पाहा. परवा नजरेतून सुटली. आता बियाले ठेवा नाईतर बैलाले द्या. झाड काय तुमच्या फारमासाठी थांबते?"

टोपली तिथेच ठेवून मी लिंबाखाली गेलो आणि मोबाइलवर पामची तोडणी शोधली. हे मी कामाला लागलो त्या दिवशी करायचं होतं. एक माणूस लांबलचक बांबूला विळा बांधून झाडाच्या शेंड्याशी हिसका देत होता. घड सुटला आणि नेटवर्क गेलं. घड अर्ध्या हवेत लटकून राहिला, आणि तेवढा वेळ मला तो नीट बघता आला. एकाच झाडावर एक घड पिकून लाल झालेला, त्याच्या वर एक काळा, त्याच्याही वर एक नुकता धरलेला. वेचा नाही, उलंगवाडी नाही. झाड पंचवीस-तीस वर्षं हेच करत राहतं. बाईंनी मला खरं तेच लिहून दिलं होतं. एवढं नेमकं उत्तर मला नोकरीत कोणी दिलं नव्हतं.

मी मॅडमना फोन लावला. मागे कुकरची शिट्टी ऐकू येत होती.

"मॅडम, ती फाइल पाठवू नका."

"का?"

"पामला उलंगवाडी नसते."

आणखी एक शिट्टी झाली. "हे तुम्हाला आज कळलं?"

"हो."

"कुठं कळलं?"

"भेंडीत."

"उद्या लवकर या," एवढंच म्हणून त्यांनी फोन ठेवला.

सोमवारी मी फाइल पुन्हा वाचली, या वेळी पऱ्हाटी बाजूला ठेवून. आता तीच पानं बोलायला लागली. सणाच्या दिवशी तोडणी नाही. पावसात एक फेरी लांबली, शेजारी लिहिलंय, रस्ता बंद. एका बागेत फेरी चुकली, कारण लिहिलंय, शादी. मिलच्या पावत्यांशी वजनं जुळत होती. पंख्याखाली बसून लिहिणारा माणूस रस्ता बंद करत नाही, त्याचा रस्ता कायम चालू असतो. एक खरी त्रुटी मिळाली: फवारणीचे रिकामे डबे कुठे ठेवतात याची नोंद नव्हती. ती मी किरकोळ म्हणून लिहिली आणि गंभीर शेरा खोडून त्याखाली माझं नाव आणि चूक माझी असल्याचं लिहिलं.

मग आठवला तो ३१ मार्चवाला शिस्तीचा गट. त्यांना विचारलं, ही तारीख कुठून आणली? त्यांनी सरळ कळवलं, रकाना रिकामा सोडला तर फाइल परत येते असं ऐकलं होतं, म्हणून टाकली एक. म्हणजे ज्यांनी माझ्या वेडगळ प्रश्नाला थाप मारली त्यांना मी पास केलं होतं, आणि जिने खरं उत्तर दिलं तिला चोर ठरवलं होतं. त्या गटाचीही फाइल मी पुन्हा पहिल्यापासून काढली.

दुपारी बाईंना फोन केला. ठाणेदार घरी ठेवून आलो होतो. "ताई, गलती मेरी है. फाइल आगे जा रही है."

पलीकडे त्या कोणालातरी तेलुगूत भराभर सांगत होत्या, आणि मग एका पुरुषाचं मोठं हसू ऐकू आलं. बहुतेक सगळ्यांत आधी निघून जाणार होता तो नवराच. मग त्या फोनवर परत आल्या.

"सर, आप कॉटनवाले क्या?"

"हां. कैसे मालूम?"

"सीझन पूछे ना आप, तभी मालूम हुआ."

डब्यांची नोंद त्यांनी आठवड्याच्या आत पाठवली. तक्त्यातून 'शेवटच्या वेच्याची तारीख' मी काढून टाकली आणि तिथे लिहिलं, 'पुढची तोडणी कधी'. हा रकाना भरायला कोणालाच थाप मारावी लागत नाही.

पावसाळा सरता सरता प्रमाणपत्र मिळालं. बाईंनी फोटो पाठवला. मिलच्या फाटकासमोर गटाची माणसं, पायाशी लालकाळ्या घडांचा ढीग, आणि मधोमध त्यांचे यजमान, प्रमाणपत्र असं छातीशी धरून की जणू त्यांनीच घरोघर जाऊन सगळ्यांना मनवलं होतं. बाई फोटोत नव्हत्या, फोटो त्याच काढत होत्या. खाली लिहिलं होतं, 'अभी कोई निकलता नहीं सर.'

पुढच्या रविवारी मी तो मामाजींना दाखवला. त्यांनी भेंडीच्या चिकाने माखलेल्या बोटाने फोटो मोठा केला आणि माणसं सोडून घड बघितले.

"माल गब्बर हाये. दारू नाई काढत म्हनता?"

"नाही."

"अन् भाव वाढून भेटन त्यायले?"

"थोडा. पण दर खेपेला भेटेल."

"चांगलं झालं बाप्पा." त्यांनी मोबाइल परत दिला. मला वाटलं, आता आपल्याबद्दलही दोन शब्द येतील. म्हणून मीच वाट करून दिली.

"शेवटी फाइल मार्गी लावली ती मीच ना, मामाजी."

मामाजींनी टोपली उचलून माझ्या हातात दिली.

"त्या बाईनं लिवलं, माह्या पोरीनं समजावलं, अन् झाडानं माल देल्ला. मंग तुमाले पगार कायचा भेटते?"