दुसऱ्यांदा वाजवलेलं

बल्लारशाच्या गार्डसाहेबांचं माझ्यावर जेवढं ऋण आहे तेवढं आईबापांखेरीज कुणाचंच नाही. माझे वडील रेल्वेत गँगमन होते. घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. गार्डसाहेब रिटायर होऊन आमच्या वस्तीजवळ दोन खोल्यांत एकटे राहत. नागपूरकडचे ख्रिश्चन, तरुणपणी बँडमध्ये ट्रम्पेट वाजवलेलं. कॉलेजची सगळी वर्षं संध्याकाळी त्यांनी मला इंग्रजी शिकवलं, आणि शिकवून झालं की ते रेकॉर्ड लावत. जॅझ.

मला त्यातलं काही कळत नसे. एकदा तर मला वाटलं, सुई मागे गेली.

"साहेब, हे आत्ताच झालं."

"ते पहिलं होतं. हे दुसरं. ऐक."

मग त्यांनी समजावलं. जुने वादक एकच चीज स्टुडिओत दोनतीनदा वाजवत. कंपनी त्यातली साफ निघालेली खेप बाजारात आणे, बाकीच्या बाजूला पडत. पुढे जुन्या संगीताचे संग्रह निघू लागले तेव्हा त्या पडलेल्याही शेजारी घातल्या गेल्या. कुठे लांबी बसवायला मधला तुकडा काढलेला असे. अशा जागी साहेब बोट वर करत. "इथी कात्री लागली."

त्यांच्या आवडीच्या एका चिजेत, दुसऱ्या खेपेला, ट्रम्पेटवाल्याचा श्वास तुटतो. सूर अर्ध्यात पडतो. मग तो तिथूनच, खालच्या सुरात, पुन्हा सुरू करतो. साहेब दर वेळी हसत. "पडला! पण बसला नाई, पाह्य."

माझे निबंधही ते दोनदा लिहून घेत. पहिला कागद फाडू देत नसत. "दोन्ही ठेव. दुसऱ्यात भाषा साफ आहे, पहिल्यात तू आहेस."

बी.ए. झालो, कुरखेड्याच्या शाळेत लागलो. साहेबांची नजर गेली तेव्हा त्यांच्या मुलीने त्यांना जबलपूरला नेलं. तिच्या घरी रेकॉर्ड लावायला काही नव्हतं, एक लहानसा टेप होता. जाताना त्यांनी रेकॉर्डांची पेटी माझ्या हाती दिली. "चंद्रपुरात कॅसेटी भरून पाठवशील? दिसत तर नाई, आता ऐकणंच राह्यलं मले."

चंद्रपुरात कॅसेट भरून देणाऱ्याकडे मी पेटी ठेवली, कॅसेटी तयार झाल्यावर पोस्टात टाकल्या. माझ्याकडे टेप नव्हता, त्यामुळे त्या ऐकल्या नव्हत्या. महिन्याभराने मुलीचं कार्ड आलं. बाबा रोज कॅसेट लावतात, संपली की विचारतात, दुसरं कुठे आहे? मला समजत नाही. आताशा जेवतानाही तेच विचारतात.

मला अंदाज आला. रविवारी चंद्रपूरला जायला पहाटेची एसटी धरली. आरमोरी, गडचिरोली, सावली. एप्रिलचं ऊन, खिडकीची तापलेली पट्टी. आठवडाभर शिकवून अंग आंबलेलं. आपण एका गाण्यासाठी एवढं का फिरतो आहोत, असं सावलीच्या स्टँडवर एकदा मनात आलं.

दुकानदार खुशीत होता. "गुरुजी, तुमच्या रेकॉर्डवर एकच गाणं दोन-दोनदा होतं. म्या एकेक काढून टाकलं. टेप वाचवली ना तुमची!"

त्याच्याकडची रीतच होती ती. लोक गाण्यांची यादी देत, आणि एखादं गाणं चुकून दोनदा आलं की तो एकदाच भरे. गिऱ्हाईक खूश होई.

"मला दोनदाच हवं होतं."

"काऊन? पहिल्यांदा ऐकू नाई आलं?"

बाकावरचं गिऱ्हाईक हसलं. माझ्यात भांडायचं बळ नव्हतं. वर्गात सांगावं तसं सगळं सांगितलं.

"म्हणजे चुकलेलंबी भरायचं?"

"चुकलेलं आधी भरा."

"कमाल हाय. भाषणात पाहुणा खोकला तर लोक मले तेवढं कापायले लावते."

पण त्याने दुपारभर दुसरं काम घेतलं नाही. पेटी महिनाभर त्याच्याकडेच, उन्हाने तापणाऱ्या पत्र्याच्या भिंतीला टेकून होती. बहुतेक रेकॉर्ड नीट निघाल्या. साहेबांची आवडती तेवढी पापडासारखी वाकली होती, आणि त्या चिजेची दुसरी खेप मागल्या बाजूला नेमकी कडेलाच होती. सुई उडे. दुकानदाराने सुईच्या दांडीवर वजनाला आठाणे ठेवले, मग रुपया ठेवला. आतल्या बाजूला सुई टिकली तिथून त्याने बटण दाबलं.

कुरखेड्याला परतल्यावर मी पत्र लिहिलं.

"गार्डसाहेब, सविनय जयभीम.

सोबत नवी कॅसेट आहे. तुम्ही 'दुसरं' विचारता ते मला समजलं. दुकानात एकेक काढून टाकलं होतं, आता ती सगळी हिच्यावर आहेत. तुमच्या आवडीच्या दुसऱ्याची सुरुवात मात्र मिळाली नाही. रेकॉर्ड उन्हाने वाकली. पण तो पडायच्या जरा आधीपासून शेवटपर्यंत सगळं आहे. सुरुवात तुम्ही बोटांनी टेबलावर वाजवायचात तशी वाजवून घ्या, मग बटण दाबा. ताई, हे त्यांना दोनदा वाचून दाखवा.

शाळा ठीक आहे. थकायला होतं. मुलांना निबंधाचा पहिला कागद फाडू देत नाही. या पत्राचाही खाडाखोडीचा कागद सोबत ठेवला आहे.

ताई, उत्तराची घाई नाही. दुसरं ऐकून साहेब हसले का, तेवढंच कळवा."