डॉक्टरीणबाईंपुढे माझी घासाघीस

निरोध फाटला, त्याच्या दुसऱ्याच दिवशी मी घाटकोपरच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. दोन मुलं होती, साड्यांचा धंदा नुकता उभा राहिला होता आणि तिसरं मला नको होतं. दिवस राहू नयेत म्हणून गोळ्या मागितल्या, तर औषधवाल्याने "नवऱ्याला पाठवा" म्हणून हाकललं होतं. त्याचा राग अजून गेलेला नाही.

बाईंनी उपदेश केला नाही, फक्त पाळीची तारीख विचारली. "तीन दिवसांच्या आत आलीस, बरं केलंस. या गोळ्या आत्ता घे, तेवढ्याच बारा तासांनी."

"दोन्ही वेळच्या एकदमच घेते ना!"

"अगं, हा साडीचा सौदा नाही. बारा म्हणजे बारा."

पहिल्या गोळ्या तिथेच घेतल्या; घरी पोचते तोच उलटी झाली. मी तणतणत परत गेले. "तुमच्या गोळ्या गटारात गेल्या!"

त्या हसल्या. आधी उलटी थांबायची गोळी दिली, मग तोच डोस पुन्हा दिला. "पाळी आठवडाभर लांबली तर तपासायला ये. आणि हा नेहमीचा उपाय नव्हे, तांबी बसवून घे."

माझ्याशी वाद घालून जिंकलेली ती एकटीच बाई. पाळी वेळेवर आली, आणि तांबी बसवायला मी आपणहून त्यांच्याकडे गेले.