किती जण जित्ते?

२००४ साल. मी बासष्ट वर्षांचा, तिसरी शिकलेला. आसगावच्या एसटीचा कंडक्टर वाचून झालेली पुस्तकं प्रवाशांना द्यायचा, पण फक्त अनोळखी माणसाला. म्हणायचा, “ओळखीचा परत आणून देते, मंग पुस्तक तिथंच अडते.”

मलाही एक दिलं. बर्फात जहाज अडकलेल्या नऊ माणसांची कादंबरी. मग दर फेरीला तिकीट फाडता फाडता विचारायचा, “बाबाजी, किती जण जित्ते हायेत?”

मला अक्षरं जुळवत वाचावं लागतं, हे भर गाडीत कशाला सांगू? पुस्तक न उघडताच मी ठणकावायचो, “सारेच!”

“बेस हाये. सांभाळा त्यायले.”

दोन महिन्यांनी उघडलं, तर पहिल्याच पानावर एक जण मेलेला! म्हणजे माझं खोटं त्याला पहिल्या दिवसापासून कळत होतं, अन् त्यानं चारचौघांत माझी अब्रू राखली होती.

मग हट्टानं, ओळीवर बोट ठेवून, धान कापणीपर्यंत वाचलं.

“दोघंच उरले,” मी सांगितलं.

तो हलकेच म्हणाला, “लय जपून वाचलं, पण मलेबी दोघंच वाचवता आले, बाबाजी.”

दुसऱ्या दिवशी सकाळी पवनीच्या स्टँडवर सुताचं गाठोडं घेऊन बसलेल्या एका अनोळखी विणकराच्या हाती मी ते पुस्तक दिलं. म्हटलं, “घ्या भाऊ. अजून सारे जित्ते हायेत.”